तोरणमाळ : दोन बाजारांमधले गाव

शहाद्याच्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवरून उत्तरेकडे पाहिले की सातपुड्याची निळसर रेघ दिसते. लहानपणी आम्हा भावंडांना त्या रेघेविषयी दोनच गोष्टी ठाऊक होत्या. तिच्यावर ढग बसले की आजोबा ओट्यावरचा माल आत घ्यायला सांगत. आणि वैशाख सरत आला की त्या बाजूने डोक्यावर पाट्या घेतलेली माणसे आमच्या दुकानी येत. पाट्यांत बहुधा आमचूर असे, कधी चारोळी, कधी धावड्याचा डिंक. मध आला तर तो आमच्याकडे घेतला जात नसे. ती माणसे तो घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात जात. माल कोठला आणि कसा, हे व्यापाऱ्याच्या घरातले पोरही सांगू शकते. तो आणणारा माणूस किती चालून आला, हे मात्र आमच्यापैकी कोणी कधी विचारल्याचे मला आठवत नाही.

गेल्या मार्गशीर्षात सौ. आणि मी दोन दिवसांसाठी तोरणमाळला जाऊन आलो. बँकेत असताना मी त्या बाजूला कामासाठी अनेकदा गेलो होतो. पण कामासाठी गेलेला माणूस गाव पाहत नाही, कागद पाहतो. निवृत्तीनंतर ‘एकदा सवडीने जाऊ’ असे म्हणता म्हणता सहा वर्षे निघून गेली होती.

शहाद्यापासून तोरणमाळ साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर. लोणखेडा, म्हसावद, राणीपूर अशी वाट आहे. पहिला अर्धा रस्ता तापी-गोमाईच्या काळ्या मातीतून जातो. दोन्ही अंगांना केळी, पपई, ऊस आणि वेचणीला आलेला कापूस. ही सधन जमीन, ठिबक सिंचनाची आणि ट्रॅक्टरची. राणीपूर मागे पडले की माती तांबूस-करडी होते, दगड वर येतात, शेताचे तुकडे लहान होत जातात आणि मग सातपायरी घाटाची वळणे सुरू होतात. शहादा समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास आणि तोरणमाळ सुमारे साडेअकराशे मीटर. म्हणजे अंदाजे हजार मीटरची चढण. दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरते, हे शाळेत पाठ केले होते. त्या दिवशी ते अंगाला कळले. खाली हातात धरलेले स्वेटर वर पोहोचेपर्यंत अंगात गेले आणि रात्री त्यावर शाल आली. थंडीच्या कडाक्यात तोरणमाळला आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबला पहाटेचे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतोच.

जाणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट येथेच सांगून टाकतो. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आत होतो आणि डोंगराच्या सावलीत तर त्याही आधी अंधारते. सौ.चा चौविहार असतो. वर जेवण मिळते, पण साडेपाचच्या आत आणि कांदा-लसणाशिवाय हवे असेल तर सकाळीच सांगून ठेवावे लागते. खाकरा, चिवडा आणि पाणी गाळण्याचे फडके बरोबर असलेले बरे.

तोरणमाळ हे एका जागी वसलेले गाव नाही. आपल्याकडे गाव म्हटले की चावडी, पेठ, देऊळ, गल्ल्या डोळ्यांसमोर येतात. येथे पठारावर आणि उतारांवर विखुरलेले पाडे आहेत. पावरा कुटुंब आपल्या शेतातच घर बांधते. बांबूच्या तट्ट्यांना माती-शेण लिंपलेल्या भिंती, वर कौले, एका अंगाला गुरे, आढ्याला टांगलेली मक्याची कणसे. एका घरातून दुसऱ्या घरी जायचे तर मध्ये एखादा ओहोळ किंवा टेकाड असतेच. बँकेत असताना ‘गावात जाऊन दहा खातेदार भेटून या’ असा आदेश आला की मी मनात हसत असे. ज्याने तो काढला त्याने असे गाव पाहिलेलेच नसावे.

पठाराच्या मध्यावर यशवंत तलाव आहे. खाली शहाद्याकडच्या विहिरी आटल्या तरी या तलावात पाणी असते. जवळच गोरखनाथांचे मंदिर, मच्छिंद्रनाथांची गुहा, सीताखाईची खोल दरी. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते आणि खानदेशाबरोबरच मध्य प्रदेश व गुजरातमधूनही भाविक येतात. या दिवसांत मात्र शांतता होती. सकाळी तलावावर धुके होते आणि त्यातून शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटांचा तेवढा आवाज येत होता.

सातपुड्याच्या या रांगेचे पाणी दोन नद्यांत वाटले जाते. दक्षिणेच्या उतारावरचे तापीला, उत्तरेच्या उतारावरचे नर्मदेला. एक सुरतेजवळ समुद्राला मिळते, दुसरी भरूचजवळ; दोन्हींचा शेवट खंबातच्या आखातात. पाऊस मैदानापेक्षा जास्त, पण खडक बेसाल्टचा आणि मातीचा थर पातळ. त्यामुळे पडलेले पाणी थांबत नाही. पीक मुख्यतः खरिपाचेच. मका, ज्वारी, मोर, बंटी, तूर, उडीद, अलीकडे सोयाबीन. आपण उपवासाला खातो ती भगर म्हणजे या डोंगरातला मोरच होय. बांधावर आंबा आणि मोह, जंगलात चारोळी, टेंभुर्णी, सालई, धावडा. शेतातले धान्य घरी खायला आणि झाडांचे उत्पन्न विकायला, अशी या डोंगराच्या अर्थव्यवस्थेची जुनी वाटणी आहे.

पाच वर्षांपूर्वी चिरंजीवांकडे झ्युरिकला गेलो होतो, तेव्हा त्यांनी आम्हाला साम्नाउन नावाचे एक सीमेवरचे गाव दाखवले. आल्प्समध्ये अठराशे मीटर उंचीवर वसलेले. पूर्वी तेथे स्वित्झर्लंडच्या बाजूने धड रस्ता नव्हता. येणे-जाणे ऑस्ट्रियातून होई. म्हणून १८९२ मध्ये सरकारने त्या गावाला जकातीतून मुक्त केले. पुढे स्विस बाजूनेही रस्ता झाला, पण सवलत कायम राहिली. आज त्या चिमुकल्या गावात घड्याळे, अत्तरे, पेट्रोल यांची रांगेने दुकाने आहेत आणि तीन देशांची गिऱ्हाइके येतात. इटलीतले लिविन्यो हे गावही असेच करमुक्त आहे. सीमा आणि डोंगर या दोन्ही अडचणींचे तेथे भांडवल झाले. तोरणमाळच्या त्या थंड सकाळी मला साम्नाउन आठवले आणि मनात आले, आपल्या या गावालाही सीमा आहे. तिने याला काय दिले?

तोरणमाळ धडगाव, म्हणजे अक्राणी तालुक्यात येते. पलीकडे मध्य प्रदेशाचा बडवाणी जिल्हा. ब्रिटिश काळात इकडे मुंबई इलाख्याचा खानदेश आणि तिकडे मध्य भारतातली संस्थाने. १८८० च्या खानदेश गॅझेटियरात या पठाराचा उल्लेख ‘तुरणमाळ’ असा आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला, १ मे १९६० ला महाराष्ट्र, आणि १ जुलै १९९८ ला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. बडवाणी जिल्हाही त्याच वर्षीचा. एवढ्या रेघा ओढल्या गेल्या, पण डोंगरातली माणसे तीच राहिली. आपल्याकडे ज्यांना पावरा म्हणतात त्यांना पलीकडे बारेला म्हणतात. सोयरिकी दोन्हीकडे होतात. होळीआधीच्या आठवड्यातला बाजार इकडे ‘भोंगऱ्या’, तिकडे ‘भगोरिया’. आमच्या घरातले लोक त्या आठवड्यात डाळ्या, गूळ आणि साखरेचे हार-कंगन घेऊन दोन्हीकडच्या बाजारांना जात. सराफ बांधव चांदीचे दागिने घेऊन जात. पावरा स्त्रीच्या अंगावरची चांदी ही त्या घरची मुदत ठेव असते, हे मला बँकेत शिरण्यापूर्वीपासून माहीत होते.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने सीमा म्हणजे दोन कायदे आणि दोन भाव. शहाद्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर मध्य प्रदेशात खेतिया आहे. कापसाची जुनी मंडी. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि खासगी व्यापाऱ्याला कापूस विकत घेण्यास बंदी आली. शेतकऱ्याने तो सरकारी केंद्रावरच घालायचा. पैसे हप्त्याने मिळत आणि हप्ते लांबत. खेतियात मात्र रोख. पुढे काय झाले हे आपल्यातल्या साठीच्या पुढच्या मंडळींना सांगायला नको. रात्री बैलगाड्या पूर्वेकडे निघत. आमच्या नात्यातली काही घरे तेथे स्थायिक झाली ती त्याच काळात. आपल्या तिसऱ्या अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत चोरीचा माल घेणे येते, खोटी मापे येतात, भेसळ येते. आणि ‘विरुद्धराज्यातिक्रम’ही येतो, म्हणजे राज्याने घातलेली आडकाठी चुकवून केलेला व्यापार. महाराजसाहेबांनी एका चातुर्मासात हा शब्द समजावून सांगितला, तेव्हा सभेतले चार-सहा जण एकमेकांकडे पाहू लागले होते. माझे वडीलही त्यांत होते.

कापूस मैदानातला. डोंगराचा माल वेगळा, आणि त्याचा हिशेबही वेगळा. आमचूर कसा होतो हे आपल्या घरांतून फारसे ठाऊक नसते. पर्युषणात आणि तिथीला हिरवे वर्ज्य असते तेव्हा डाळीला आंबटपणा त्याचाच असतो, एवढीच आपली त्याच्याशी ओळख. चैत्र-वैशाखात कैऱ्या उतरवायच्या किंवा वाऱ्याने पडलेल्या वेचायच्या. साल काढायची, फोडी करायच्या, कोय वेगळी करायची. मग खडकावर, छपरावर, जेथे ऊन असेल तेथे चार-सहा दिवस वाळवायचे. सारे घर या कामाला लागते. मुलांची बोटे चिकाने काळी पडतात. ढीगभर कैरीतून पाटीभर आमचूर निघतो. पांढरा-पिवळसर राहिला तर चांगला भाव. वळवाची एक सर आली आणि फोडी भिजल्या तर माल काळा पडतो, आणि तो काळाच्या भावाने जातो.

आता अशी पाटी डोक्यावर घेऊन माणूस दिवसभर उतरून शहाद्याला आला आहे असे समजा. संध्याकाळ झाली आहे. दुकानदाराने भाव सांगितला. पसंत पडला नाही तर तो काय करील? माल परत नेणे म्हणजे पुन्हा हजार मीटर चढणे. शिवाय मृग तोंडावर आलेला. पाऊस लागला की त्या मालाची किंमत निम्मी. त्याला मीठ, मिरची, कापड, बियाणे आजच न्यायचे आहे. भाव कसा ठरतो याचे सिद्धांत मी एम.कॉम.ला दोन वर्षे वाचले. ज्याला माल परत नेता येत नाही त्याचा भाव समोरचा ठरवतो, हे मात्र आमच्या ओट्यावर बसून शिकता आले असते.

आजोबांच्या वह्या आम्ही चुलत भावांनी जुने घर पाडताना उघडून पाहिल्या. मोडी अक्षर मला थोडे लागते. एका पानावर ओळीने नोंदी होत्या : मीठ पायली एक, चारोळी पायली एक. मीठ दिले आणि त्याच मापाने चारोळी घेतली. पुढच्या पानांवर श्रावण-भाद्रपदात उधार दिलेली ज्वारी, म्हणजे डोंगरात घरचे धान्य संपते त्या दिवसांतली, आणि त्यापुढे उन्हाळ्यात जमा झालेला आमचूर. त्यातून कडता वजा, तोलाई वजा. आजोबा कठोर नव्हते. दुष्काळात त्यांनी कित्येकांची खाती तशीच सोडून दिली. व्रताचे पक्के होते, तराजूची दांडी मारली असे त्यांच्याविषयी शत्रूही बोलला नसता. पायलीला पायली मोजताना त्यांचे माप अगदी बरोबरच असणार. मी ते पान बराच वेळ पाहत राहिलो. धाकटे बंधू म्हणाले, “तेव्हा मीठच वर मिळत नव्हते, भाऊ. मिठाला तेवढा भाव होता.” तेही खोटे नाही.

शहाद्यात हे सारे मुकाट्याने चालले असे मात्र कोणी समजू नये. १९७२ मध्ये मी शाळेत होतो. त्या वर्षीच्या जानेवारीत शहाद्यात भू-मुक्ती परिषद भरली. अंबरसिंग सुरतवंती यांच्या नावाने डोंगरातून आणि मैदानातून हजारो भिल्ल-पावरा माणसे आली. रोष मुख्यतः गेलेल्या जमिनींचा होता, पण सावकारीचाही होताच. आम्हा मुलांना त्या दिवशी बाहेर सोडले नाही. दाराच्या फटीतून मी पायांची रांग पाहिली, ती संपतच नव्हती. त्यानंतरच्या चार वर्षांत आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला, १९७५ मध्ये कर्जमुक्तीचा कायदा आला, आणि १९७६ मध्ये आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याच्या कायद्याने त्यांचा माल आदिवासी विकास महामंडळाने खरेदी करण्याची व्यवस्था झाली. आमच्या घरी या कायद्यांची चर्चा ‘आता धंदा कसा करायचा’ एवढ्याच अंगाने होई. मी बँकेची परीक्षा दिली त्यामागे तेही एक कारण होते.

आता माझ्या हातून घडलेले सांगतो. १९८७ च्या उन्हाळ्यात मी डोंगराच्या पायथ्याच्या एका शाखेत शाखाधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे दिवस. बैलजोडी, शेळ्या, म्हैस, विहिरीवरचे इंजिन यांसाठी कर्जे. आदिवासी लाभार्थ्याला निम्मे अनुदान. मार्चअखेर उद्दिष्ट पूर्ण करायचे. एके दिवशी तोरणमाळच्या बाजूचा एक पावरा तरुण आला. सातवी शिकलेला. त्याने जे मागितले ते माझ्या कोणत्याही फॉर्मवर नव्हते. तो म्हणाला, “साहेब, मला शेळ्या नकोत. आमच्या पाड्यावरच्या वीस घरांचा आमचूर मी दिवाळीपर्यंत ठेवतो. तेव्हा भाव चढतो. तोवर घरांना द्यायला थोडे पैसे द्या, आणि एक काटा.”

वाचकहो, आपण व्यापारी आहात, यात नवल वाटण्यासारखे काही नाही हे आपल्या लगेच ध्यानात येईल. हंगामात स्वस्त माल भरायचा, बँकेकडून मालतारणावर रक्कम उचलायची, भाव चढला की विकायचे. शहाद्याच्या प्रत्येक पेढीचे कॅश क्रेडिट खाते यावरच चाले. त्याच महिन्यात मी स्वतः दोन व्यापाऱ्यांच्या गोदामांतल्या आमचूरावर तारण मंजूर केले होते. गोदाम पक्के, कुलपाची एक किल्ली बँकेची, विमा उतरलेला. त्या तरुणाकडे गोदाम नव्हते, विमा नव्हता, जामीन नव्हता. मी त्याला योजनेत बसत नाही असे सांगितले, चहा पाजला आणि पाठवून दिले. नियमाप्रमाणे मी चूक केली नाही. पण तोच आमचूर खाली आला की तारण होतो आणि वर असला की होत नाही, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आले होते. लक्षात आले नव्हते असे म्हणण्याची सोय मला नाही.

या वेळी मी त्याचा शोध घेतला. फार शोधावे लागले नाही. गोरखनाथाच्या देवळाजवळ चहाच्या टपरीवर विचारले, तर टपरीवाल्यानेच पोराला बरोबर दिले. अर्धा तास चालल्यावर त्याचे घर आले. आता तो माझ्याच वयाचा, केस पांढरे, पाठ ताठ. मला ओळखायला त्याला थोडा वेळ लागला. ओळखल्यावर म्हणाला, “तुम्ही त्या दिवशी चहा पाजला होता, साहेब.”

मी म्हणालो, “कर्ज दिले नव्हते, ते आठवते का?”

“ते कुठं कुणी देत होतं?” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे मला बोलायला काही उरले नाही.

मग त्यानेच सांगितले. पुढच्या उन्हाळ्यात त्याने आमचूर शहाद्याला नेलाच नाही. पूर्वेच्या पायवाटेने तो खेतियाला उतरला. नकाशा पाहिला तर खेतिया तोरणमाळहून शहाद्यापेक्षा जवळ आहे. पण शहाद्याला जायची रीत पडलेली, उधारी तेथली, म्हणून कोणी तिकडे जात नसे. खेतियाच्या व्यापाऱ्याने किलोमागे थोडे जास्त दिले. फार नव्हे. पण त्यानंतर शहाद्याच्या दुकानात पाटी उतरवण्यापूर्वी तो विचारी, “खेतियाला एवढे मिळतात, तुम्ही किती देता?” भाव वाढला. दोन वर्षांनी त्याने चांदी गहाण टाकून काटा घेतला. पाड्यावरची घरे आधी त्याच्याकडे वजन करून घेत आणि मगच उतरत. “खाली किती भरतं ते आधीच ठाऊक असलं की शेठही नीट मोजतो,” तो म्हणाला. कोणत्या शेठविषयी बोलतो आहे हे त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही.

तेव्हा सीमेने या गावाला काय दिले, याचे उत्तर मला त्या अंगणात मिळाले. साम्नाउनसारखी सवलत नाही, दुकाने नाहीत. दुसरा गिऱ्हाईक मात्र मिळाला. तोही ज्याने वाट बदलून पाहिली त्याला.

सीमेची दुसरी बाजूही तेथेच दिसली. पाड्यावरची चार-पाच घरे बंद होती. दिवाळी झाली की डोंगरातली जोडपी मुलांसह दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि होळीला परततात. त्याचा धाकटा मुलगाही बारडोलीकडे गेला होता. थोरला शेती पाहतो. त्याच्या मोबाइलवर शहाद्याचे आणि खेतियाचे असे दोन्ही भाव येतात. मात्र रेंज मिळवण्यासाठी त्याला तलावाकडच्या टेकाडावर चढावे लागते. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्याच टेंभलीत दिले गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. खाते आहे, आधार आहे, अंगठ्यावर पैसे मिळतात. नेटवर्क नसेल त्या दिवशी मात्र अंगठा असूनही हात रिकामा.

सून गावातल्या बायकांच्या बचत गटात आहे. गट आमचूराची प्रतवारी करतो आणि पांढरा माल वेगळा ठेवतो. मोहफुलांवरचे निर्बंध महाराष्ट्राने २०२१ मध्ये सैल केले, तेव्हापासून फुले साठवायला भीती वाटत नाही, असे तिने सांगितले. डाबच्या बाजूला स्ट्रॉबेरी होते, तशी येथेही काहींनी लावून पाहिली आहे. पर्यटनाविषयी ती फार उत्साहाने बोलली नाही. शनिवार-रविवारी गाड्या येतात, तलावाभोवती फिरतात, दुपारी जेवतात आणि परत जातात. भाजलेला मका आणि चहा सोडला तर गावाच्या हाती फारसे लागत नाही, आणि कचरा मागे राहतो. तोरणमाळला ‘खानदेशाचे महाबळेश्वर’ करण्याच्या घोषणा मी माझ्या नोकरीभर ऐकल्या. रस्ता सुधारला, हे खरे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्याच्या हद्दीवरची विक्रीकराची अडवणूक संपली, हेही व्यापाराच्या दृष्टीने मोठेच झाले. पण वीस घरांचा आमचूर पावसापासून वाचवून दिवाळीपर्यंत ठेवता येईल असे चार भिंतींचे कोठार त्या पाड्यावर अजून नाही. गोदामाच्या पावतीवर कर्ज देण्याचा कायदा २००७ मध्ये झाला. मी त्यावर प्रशिक्षण घेतले होते. पावती द्यायला आधी गोदाम लागते.

निघताना मी दोन किलो आमचूर मागितला. तो पैसे घेईना. सौ.नी आग्रह केला तेव्हा सुनेने भाव सांगितला आणि मी तो दिला. तिने स्प्रिंगचा काटा आढ्याच्या हुकाला अडकवला, पिशवी टांगली, काटा स्थिर होईपर्यंत थांबली आणि मला वाकून पाहायला लावले.

संध्याकाळी शहाद्याला धाकट्या बंधूंच्या दुकानी उतरलो. पिशवी पाहून त्यांनी भाव विचारला. सांगितल्यावर म्हणाले, “भाऊ, महाग घेतलात.” मग सवयीने पिशवी इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली. दोन किलो ऐंशी ग्रॅम भरली.

“ओल धरली असेल,” ते म्हणाले.

मी एक फोड काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती मोडून पाहिली. कडकन मोडली.